रिठा, व्हिनेगर आणि सासूबाईंचं फिनेल

प्रश्न: ताई, माझी मुलगी दहा महिन्यांची आहे. दिवसभर रांगते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. ती झाल्यापासून मी घरातली सगळी केमिकल्स बंद केली. लादीला संत्र्या-लिंबाच्या सालींचं बायोएन्झाइम, भांड्यांना रिठ्याचं पाणी, ओट्याला व्हिनेगर आणि खायचा सोडा. मागच्या महिन्यात आधी मुलीला, दोन दिवसांनी मिस्टरांना आणि मग सासूबाईंना उलट्या-जुलाब झाले. सासूबाई म्हणतात, "सालींच्या पाण्यानं कधी जंतू मेलेत का?" मी ऑफिसला गेले की त्या बादलीत फिनेल ओततात, घरात आल्यावर वासावरून कळतं. नक्की बरोबर कोण? आणि त्यांना सांगू काय? ता. क. आमचा कडप्प्याचा ओटा हल्ली पांढुरका पडलाय, तो कशानं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आधी ओट्याचं सांगते, कारण त्यात वादाला जागा नाही. तो व्हिनेगरनं गेलाय. कडप्पा हा चुनखडीचा दगड. शहाबादी, कोटा आणि संगमरवर त्याच घराण्यातले. त्यावर आम्ल पडलं की वरचा थर विरघळतो आणि चकाकी जाते. लिंबू पिळताना सांडलेला थेंब थोडा वेळ तसाच राहिला तरी गोल पांढरा डाग उठतो, तो पुसून जात नाही, कारण तो डाग नसून खाल्ला गेलेला दगड असतो. आता पॉलिशवाल्याला बोलवावं लागेल. तोवर आणि त्यानंतरही ओट्याला भांड्यांचा साबण, ओलं फडकं आणि मग कोरडं फडकं, एवढंच. तुमचं बायोएन्झाइमही आंबटच असतं, तेही तिथे नको. ग्रॅनाइट असता तर इतकं बिघडलं नसतं.

व्हिनेगर आणि सोड्याच्या जोडीबद्दलही इथेच बोलून घेते. दोन्ही एकत्र आले की फसफसतं आणि बघताना फार समाधान वाटतं. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात. फेसातला वायू उडून जातो, हातात राहतं सोडियम ॲसिटेटचं पाणी, म्हणजे जवळजवळ साधं पाणीच. वेगवेगळे वापरले तर दोघंही कामाचे आहेत. ओला सोडा कपातले चहाचे डाग आणि डब्याचा वास काढतो. व्हिनेगर नळावरचा, गीझरच्या पाण्याने साचणारा पांढरा थर काढतं. पण जंतू मारायला सोडा निरुपयोगी, आणि व्हिनेगर भरवशाचं नाही. त्यातलं ॲसिटिक ॲसिड चार-पाच टक्के. काही जिवाणूंना ते त्रास देतं, काहींना फरक पडत नाही, आणि जिथे उपयोग होतो तिथेही बराच वेळ ओलं ठेवावं लागतं. आपण तर फवारलं आणि लगेच पुसलं असं करतो. जाता जाता, तुमच्या व्हिनेगरची बाटली एकदा उलटी करून वाचा. किराणा दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या व्हिनेगरवर बहुतेक वेळा 'सिंथेटिक' असं छापलेलं असतं. कारखान्यातल्या ॲसिटिक ॲसिडमध्ये पाणी घालून ते बनतं. त्यात वाईट काही नाही, पण केमिकल बंद केल्याचं समाधान निदान त्या बाटलीपुरतं बाजूला ठेवावं लागेल.

आता मुख्य प्रश्न. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण आधी लहान मूल, मग दोन-दोन दिवसांच्या अंतरानं एकेक मोठं माणूस, ही चाल पाहिली की डॉक्टरांच्या मनात पहिला संशय येतो तो पोटाच्या व्हायरसचा: रोटा, नोरो आणि त्यांची भावंडं. सगळ्यांनी एकच बाधलेलं अन्न खाल्लं असतं तर बहुतेक सगळे एकाच दिवशी आडवे झाले असते. हे व्हायरस जुलाबातून आणि उलटीतून बाहेर पडतात आणि हातावरून पुढे जातात. डायपर बदलला, त्याच हाताने नळ उघडला, हात धुतले, मग तोच नळ त्याच जागी बोट लावून बंद केला. नंतर मिस्टरांनी ग्लास भरायला तोच नळ उघडला. या साखळीत लादी फार मागे येते. तुमच्या सालींच्या पाण्यामुळे घर आजारी पडलं असं म्हणायला आधार नाही. सासूबाई रोज फिनेल टाकत असत्या तरी ही साखळी तुटली नसती.

याचं कारण थोडं खोलात जाऊन सांगण्यासारखं आहे. 2020 साली आपण सगळे शिकलो की साबणाने कोरोनाचं तेलकट कवच फुटतं आणि तो मरतो. ते खरंच आहे. पण रोटा आणि नोरो यांना ते कवचच नसतं. त्यामुळे साबण त्यांना मारत नाही, फक्त हातावरून सोडवतो आणि वाहतं पाणी त्यांना मोरीत नेतं. तेवढं पुरतं, पण वाहतं पाणी आणि वीस सेकंद चोळणं दोन्ही हवं. याच कारणाने खिशातलं सॅनिटायझर नोरोपुढे लंगडं पडतं, आणि आपलं नेहमीचं फिनेलही. घरगुती पदार्थांपैकी यांना खात्रीने मारतं ते ब्लीच. साबणाने हात धुण्याने जुलाबाचं प्रमाण साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी होतं असं निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. लादीच्या कुठल्याही लिक्विडबद्दल असं म्हणता येईल असं काही माझ्या पाहण्यात नाही. आणि रोटाचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तुमच्या मुलीला ते मिळालेत का हे कार्डावर बघून घ्या. वय उलटून गेलं असेल तर डॉक्टरांना विचारा, कारण हे डोस उशिरा सुरू करायला मर्यादा असते.

तर पुढच्या वेळी घरात कुणाला उलटी-जुलाब झाले तर तेवढ्यापुरतं तुमचं व्रत मोडा. आधी हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून, कागदाने सगळं उचला आणि बांधून कचऱ्यात टाका. मग जागा साबणाच्या पाण्याने पुसा. त्यानंतर ब्लीच. हा क्रम उलटा केला तर ब्लीचची ताकद घाणीशीच भांडण्यात संपते. दुकानातलं द्रवरूप ब्लीच साधारण चार-पाच टक्क्यांचं असतं. एक लिटर पाण्यात त्याचे 25 मिली, म्हणजे पाच छोटे चमचे, घाला. हे पाणी जागेवर ओतून दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसून घ्या. लागेल तेवढंच करा, उरलेलं टाकून द्या, दुसऱ्या दिवशी त्यात दम राहत नाही. खिडकी उघडी, बाळ दुसऱ्या खोलीत. नळ, फ्लशचं बटण, बाथरूमची कडी, मोबाइल यांची आठवण ठेवा; लादी सगळे पुसतात, कडी कुणी पुसत नाही. फक्त मोबाइलला ब्लीच नको, मऊ कापडाला थोडं साबणपाणी लावून पुसा. आणि कडप्प्यावर ब्लीच लावलंच तर लगेच धुऊन टाका.

ब्लीचबद्दल एक गोष्ट मी दर पावसाळ्यात लिहिते आणि यंदाही लिहिते: त्यात दुसरं काहीही मिसळायचं नाही. संडासाच्या निळ्या लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि आपली बाथरूम केवढी? दार लावून घासणाऱ्या माणसाला श्वास घेता येत नाही. व्हिनेगर, लिंबू, तुमचं सालींचं पाणी, यांनीही तेच होतं. गोमूत्र शिंपडायची पद्धत असेल तर तेही वेगळं ठेवा, त्यातल्या अमोनियामुळे ब्लीचबरोबर दुसराच विषारी वायू तयार होतो. तुमच्या घरात धोका जास्त आहे, कारण तिथे दोन माणसं एकमेकींना न सांगता बादलीत काहीतरी ओतताहेत.

आता रिठा आणि बायोएन्झाइम. रिठ्यावर माझा जीव आहे हे कबूल करते. त्यातलं सॅपोनिन साबणासारखंच काम करतं, तेलकटपणा सोडवतं, पाण्याबरोबर घाण वाहून जाते. भांडी, बाळाचे कपडे, लोकरीचे स्वेटर यांना उत्तम. फक्त ते पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं आणि वास मारू लागतं, तेव्हा थोडं-थोडं करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. बाळाच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं. तुपाच्या भांड्याला रिठा पुरत नसेल तर सरळ साबण घ्या, तुपावर रिठ्याची परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

बायोएन्झाइमचं प्रमाण तुम्ही नेहमीचंच घेत असणार: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. त्यातून मिळतं ते आंबट, थोडं अल्कोहोल असलेलं, संत्र्याचा वास येणारं पाणी. पातळ करून लादी पुसायला बरं आहे, बाथरूमच्या टाइल्सना चांगलं आहे, आणि ओला कचरा कमी होतो हा त्याचा खरा फायदा मला वाटतो. पण बरणीगणिक त्याची ताकद बदलते. साली कुठल्या, गूळ किती, उन्हाळा की पावसाळा, यावर सगळं ठरतं. म्हणून जिथे जंतू मरायलाच हवेत तिथे त्याच्यावर विसंबू नका. पुरेसं पाणी घातलं नाही तर आत उरलेल्या गोडव्याने लादी चिकट होते आणि मुंग्या येतात, ही तक्रार मला अनेक वाचक कळवतात. आणि बरणी काचेची असेल तर आजच बदला. पहिल्या महिन्यात आत इतका वायू होतो की घट्ट झाकणाची काच फुटू शकते. प्लॅस्टिकची बाटली घ्या, रोज झाकण सैल करा.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं तुमच्या पत्रात कुठेतरी गृहीत धरलंय, तिथे जरा थांबवते. लादी पुसायच्या पाण्यात कापूर टाकायची टूम सध्या जोरात आहे. कापूर अगदी नैसर्गिक, देवघरातला. पण रांगत्या बाळाने त्याची एखादी वडी गिळली तर त्याला झटके येऊ शकतात. त्या वडीपेक्षा साबणाची वडी चाटलेली परवडली.

आता सासूबाईंच्या बाजूने. फिनेल ही काही अडाणी गोष्ट नाही. 1860 च्या दशकात जोसेफ लिस्टरने शस्त्रक्रियेत कार्बॉलिक ॲसिड वापरून जखमा चिघळणं कमी केलं, काळं फिनेल त्याच कुळातलं आहे. जिथे साठलेल्या पाण्याची घाण आहे, मोरीला वास मारतोय, तिथे ते कामाचं आहे. ज्या पिढीने चाळीतले सामायिक संडास पाहिले, त्या पिढीला फिनेलचा वास म्हणजे सुटकेचा वास वाटतो, आणि त्यात चूक काही नाही. त्यांची चूक एवढीच की त्या ते रांगत्या मुलीच्या लादीवर टाकतात. तिचे हात लादीवर, मग तोंडात. त्या लादीवरचा फिनेलचा थर तिच्या पोटात जाणार. त्यातून पांढरं फिनेल मुख्यतः पाइनच्या तेलाचं असतं, आणि वासाला जोरदार असलं तरी जंतूंना तितकं जोरदार असेलच असं नाही.

बाजारातल्या लादीच्या लिक्विडबद्दलही विचारतील म्हणून सांगते. त्यातल्या बऱ्याच ब्रँडमध्ये बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं. ते जिवाणूंवर चालतं, पण त्यासाठी पाच-दहा मिनिटं ओलं राहावं लागतं आणि कपड्यांच्या पावडरीबरोबर मिसळलं तर निकामी होतं. पुष्कळ घरी बादलीत चमचाभर निरमा आणि झाकणभर लिक्विड एकत्र पडतं. वास दोन्हींचा येतो आणि काम एकाचंच होतं. बाटलीवरच्या 99.9 टक्क्यांवरही फार भाळू नका. तो आकडा प्रयोगशाळेत, ठरावीक जंतूवर, ठरावीक वेळ ओलं ठेवून काढलेला असतो. आणि जिथे दहा लाख जिवाणू होते तिथे 99.9 टक्के गेले तरी हजार उरतात.

आता जी गोष्ट तुमच्या पत्रात नाही आणि माझ्या मते जिथे खरी मेख आहे ती सांगते: तुमची लादी पुसायची बादली. एका बादलीत सगळं घर पुसलं जातं, बहुधा बाहेरच्या खोलीपासून सुरुवात होऊन शेवटी संडासाच्या दारापर्यंत. दुसऱ्या खोलीत पाणी चहासारखं होतं, तिसऱ्या खोलीत आपण त्याच पाण्याने लादी माखत असतो. मग तो मॉप पिळून दाराआड ओला उभा केला जातो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला तो कुबट वास येतो. त्या वासाचा अर्थ सरळ आहे, रात्रभर तिथे जिवाणूंचं संमेलन भरलं होतं. त्यावर साली घाला की फिनेल, उपयोग थोडाच. स्वैपाकघर आणि बाथरूमचं फडकं वेगळं ठेवा, मधे पाणी बदला, काम झालं की मॉप साबणाने धुऊन उन्हात टांगा. डोंबिवलीच्या इमारतीत ऊन जिथे मिळतं तिथेच टांगा, खिडकीच्या ग्रिलला चालेल. ऊन आणि कोरडेपणा हे दोन्ही फुकटचे जंतुनाशक आहेत आणि केमिकलविरोधी माणसाला ते चालायला हवेत.

भांडी घासायच्या स्पंजाचं तर विचारूच नका. 2017 मध्ये जर्मनीत घराघरांतून वापरलेले 14 स्पंज गोळा करून तपासले. आत जिवाणू इतके दाट सापडले की काही जागी ते जास्तीत जास्त जितके मावू शकतील तितके. आणि जे लोक स्पंज नियमित उकळत किंवा मायक्रोवेव्ह करत होते त्यांच्याही स्पंजात जिवाणूंची संख्या कमी नव्हती. म्हणून स्पंज जपत बसू नका, आठवड्याला टाका. त्यापेक्षा नारळाचा काथ्या किंवा तारेची घासणी लवकर वाळते, आणि काथ्या तर तुमच्या आवडीचा नैसर्गिक उपायही आहे. ओट्याचं फडकं मात्र एकदा-दोनदा पाच-दहा मिनिटं उकळून घ्या. उकळतं पाणी पुष्कळ काम करतं आणि त्यात टाकायला काही लागत नाही.

तुम्ही मांसाहार करता की नाही हे पत्रात नाही. करत असाल तर चिकन नळाखाली धुवायचं टाळा, शिंतोडे सगळ्या ओट्यावर आणि शेजारी वाळत घातलेल्या दुधाच्या बाटलीवर उडतात. ते शिजताना निर्जंतुक होतंच. चॉपिंग बोर्ड आणि सुरी मात्र साबणाने धुऊन वर उकळतं पाणी ओता. इथे व्हिनेगरवर भिस्त ठेवू नका.

थोडक्यात तुमचं रोजचं घर रिठा, साबण, सालींचं पाणी यांवर खुशाल चालवा. जंतूंना खरंच मारायची गरज आजारपणात, कच्च्या मांसाच्या जागी आणि संडासात पडते. तिथे तुमचा निकष 'नैसर्गिक का' हा नसावा.

सासूबाईंना काय सांगायचं? माझं मत असं की त्यांना काही सांगण्याआधी त्यांना विचारा. "आई, बाथरूम आणि मोरी तुमच्याकडे, तुमचं फिनेल तिथे हवं तसं टाका. बाळ रांगतं तेवढी लादी माझ्याकडे. पण एकच बादली दोघींनी वापरायची नाही." घरातल्या कामाचा असा वाटा दिला तर गुपचूप ओतायची गरजच राहणार नाही. आणि हा वाटा करताना मिस्टरांना मॉप वाळत घालायचं काम द्या, पत्रात ते फक्त उलटी करण्यापुरते येतात.

एक गोष्ट मात्र सासूबाईंशी तडजोड न करता ठरवायची. फिनेल कुठल्या बाटलीत ठेवतात ते आज बघा. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ते कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत भरून सिंकखाली ठेवलेलं असतं. पुढच्या दोन महिन्यांत मुलगी उभी राहील आणि सिंकखालचं दार उघडायला शिकेल. मूळ बाटलीतच, उंच फळीवर, कडी असलेल्या कपाटात ठेवा. ब्लीच आणि संडासाचं लिक्विडही तिथेच, एकमेकांपासून लांब. कधी चुकून प्यायलीच तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका, कारण तेलकट द्रव उलटीबरोबर फुप्फुसात जाऊ शकतो. तोंड पुसा आणि बाटली हातात घेऊन सरळ हॉस्पिटल गाठा, डॉक्टर तुम्हाला सगळ्यात आधी त्या बाटलीवरचं लेबलच विचारतील.